सांगलीत घरच्या घरी अकूस्टिक गिटार बनवता येईल का? लाकूड आणि अवजारं कोणती लागतील?

हो, नक्की येईल. तुम्ही लाकूड आणि अवजारांचं विचारलंय, पण आपल्याकडे आधी हवेकडे बघा. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं. अशा ओल्या दिवसांत चिकटवलेली गिटारची पाठ एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसते आणि तडकते. माझी पहिली गिटार अशीच गेली, फार जिवाला लागलं. साधा आर्द्रतामापक घ्या आणि आर्द्रता 45 ते 50 टक्के असेल तेव्हाच चिकटकाम करा. दिवाळीनंतरचे महिने त्याला बरे.

वरच्या फळीला स्प्रूस (सूचिपर्णी झाडाचं हलकं लाकूड), 3 मिमीच्या आसपास. पाठ आणि बाजू शिसवीच्या, थोड्या पातळ. बाजू वाकवायला तापवलेला लोखंडी पाइप पुरतो. फळी ओली करून सावकाश दाबत जा. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून 70 किलोच्या घरात जातो, म्हणून वरच्या फळीला आतून एक्स आकाराच्या पट्ट्या लागतातच.

फ्रेटचं, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचं, गणित सोपं आहे. तारेची लांबी 650 मिमी धरली तर भागिले 17.817, म्हणजे पहिला फ्रेट तारेच्या खुंट्यांकडच्या टोकापासून साधारण 36.5 मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. बारावा बरोबर 325 वर आला नाही, तर करवत लावूच नका.

आणि एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन या. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर तबली, म्हणजे सतारीची वरची फळी, कशी घासतात, ते शांतपणे बघत बसा.