लिनक्सच्या पीसीआय ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन) उणे १६ हा एरर येतो, पण रीजन, म्हणजे कार्डाच्या रजिस्टरांचा पत्त्यांचा पट्टा, मागणारी ओळ काढली की कार्ड चालतं. ओळ काढून टाकू का?

नका काढू. ओळ काढल्यावर कार्ड चालतं, कारण आयओरिमॅप, म्हणजे कार्डाचे पत्ते कर्नलला वापरता येतील असे जोडणारं फंक्शन, कुणाला काही विचारतच नाही. पत्ता दिला की मॅप करून मोकळा होतो. रीजन मागणारं ‘पीसीआय_रिक्वेस्ट_रीजन्स’ हे कुलूप नाही, नुसती नोंद आहे, हेही मान्य. पण उणे १६, म्हणजे ईबिझी (‘जागा व्यापलेली आहे’), आला की त्या रजिस्टरांवर आधीच कुणाचं तरी नाव लागलंय. ते नाव न बघता ओळ कमेंट करणं म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणं.

‘रिझर्व्हेशन हा नुसता शिष्टाचार, नाही केलं तरी काही अडत नाही’ असं ठामपणे सांगणारे सीनिअर मला बऱ्याच टीममध्ये भेटलेत. त्यांच्यासाठी जवळून पाहिलेली एक केस. एफपीजीएवर (आतलं सर्किट पुन्हा प्रोग्राम करता येणारी चिप) बनवलेलं डेटा घेणारं कार्ड, ६४ केबीचा एकच बार (कार्डाने मागितलेला पत्त्यांचा पट्टा), नवा ड्रायव्हर आणि प्रोबमध्ये हाच उणे १६. पीसीआय कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय -के’ कमांडमध्ये ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नव्हती, म्हणून कार्ड मोकळं आहे असं धरलं गेलं आणि मागणीची ओळ कमेंट झाली. टेबलावर थोड्या लोडला सगळं ठीक. मशीनवर पूर्ण वेगात चालवल्यावर मात्र मधूनच वाचणारी प्रोसेस अडकायला लागली. डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं) पूर्ण, डेटा मेमरीत आलेला, पण इंटरप्ट हँडलर स्टेटस रजिस्टर वाचतो तर तिथे शून्य. मग एफपीजीएच्या टायमिंगवर संशय, रायझर (कार्ड जोडायचा मधला बोर्ड) बदलला, एमएसआय (मेसेज पाठवून इंटरप्ट देण्याची पद्धत) बंद करून पाहिलं. कारण ‘/प्रॉक/आयओमेम’ या पत्त्यांच्या नोंदवहीत पहिल्यापासून लिहिलेलं होतं: ०३:००.० या कार्डाच्या ओळीच्या खाली, दोन स्पेस आत, टेस्टिंगसाठी कुणीतरी लिहिलेल्या जुन्या मॉड्यूलचं नाव. ते मॉड्यूल पीसीआय ड्रायव्हर म्हणून रजिस्टरच होत नव्हतं. ‘पीसीआय_गेट_डिव्हाइस’ने कार्ड शोधायचं आणि थेट रीजन धरायचं. एलएसपीसीआय फक्त बाइंड झालेला ड्रायव्हर दाखवतो, त्याला हे कसं दिसणार? त्या मॉड्यूलचा टायमर तेच स्टेटस रजिस्टर वाचायचा आणि १ लिहून बिट पुसायचा. तो आधी पोचला की नव्या ड्रायव्हरच्या हाती काही लागत नसे. मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, ओळ परत घातली, विषय संपला. ईबिझीने हे पहिल्याच इन्समॉडला (मॉड्यूल लोड करताना) सांगितलं होतं.

तुम्ही आधी डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) ‘बार ०: कान्ट रिझर्व्ह’ याच्या पुढची रेंज उचला आणि आयओमेममध्ये शोधा. सुडो लावा, साध्या युजरला सगळे पत्ते शून्य दिसतात. दुसऱ्याच ड्रायव्हरचं नाव असेल तर सिसएफएसमधून (‘/सिस’खालच्या फाइल्स) तो अनबाइंड करा, म्हणजे कार्डापासून सोडवा. ग्राफिक्स कार्ड असेल आणि ‘बूटएफबी’ दिसलं, तर बूटच्या वेळचा फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र ठेवणारी मेमरी) अजून बसून आहे. तुमच्याच ड्रायव्हरचं नाव दिसलं, तर मागचा प्रोब मध्येच फसला आणि एरर पाथने रीजन सोडलंच नाही. नवीन ड्रायव्हरमध्ये सगळ्यात आधी हाच संशय घ्या. अशा वेळी मॉड्यूल काढलं तरी नोंद उरते, पण नावाची स्ट्रिंग मॉड्यूलबरोबर गेलेली असते. मग आयओमेम नुसतं कॅट केलं तरी कचरा दिसतो किंवा कर्नल ऊप्स (कर्नलच्या आतला गंभीर एरर) येतो. तिथे रीबूटच. एनेबल, रिक्वेस्ट, आयओमॅप हा क्रम ठेवा. सोडताना आयओअनमॅप, डिसेबल आणि रिलीज सर्वांत शेवटी. हे हाताने सांभाळायचं नसेल तर ‘पीसीआयएम_’ने सुरू होणारी, आपोआप सोडणारी फंक्शन्स वापरा.

उणे २२ आणि ‘नॉट असाइन्ड’ असेल तर प्रश्न वेगळा: बारला पत्ताच मिळालेला नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू करा, नाहीतर बूटला ‘पीसीआय=रिअॅलॉक’ द्या. ब्रिजची (दोन पीसीआय बस जोडणारा भाग) नॉन-प्रीफेचेबल, म्हणजे आगाऊ वाचून चालत नाही अशा पत्त्यांची, खिडकी ३२ बिटांचीच असते, म्हणून ब्रिजमागचा मोठा नॉन-प्रीफेचेबल बार ६४ बिटी असला तरी ४ जीबीच्या खालीच जागा मागतो. ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’मधून ईबिझी आला असेल तर डीमेसेजमध्ये ‘फ्लॅग्ज मिसमॅच’ शोधा. बहुतेक वेळा इंटरप्टची लाइन शेअर्ड असते आणि एकाने शेअर्डचा फ्लॅग दिलेला नसतो.

एक अपवाद सांगायला हवा. एसओसीवर (सगळं एकाच चिपवर असलेली सिस्टिम) डिव्हाइस ट्रीमधल्या (हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) दोन नोडचे पत्ते एकमेकांवर येत असतील तर ‘डेव्हएम_आयओरिमॅप_रिसोर्स’ ईबिझी देतोच, कारण तो मॅप करण्याआधी नोंदही करतो. तिथे रजिस्टरं खरोखरच दोघांची असतील तर सिसकॉन (सामायिक रजिस्टरांचा) नोड करून रेगमॅपमधून, म्हणजे कर्नलच्या रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या सामायिक थरातून, जा.

आणि तुमचंही कार्ड एफपीजीएचं असेल, तर चालू मशीनवर नवी इमेज टाकल्यावर बार कोरे होतात, कर्नलला मात्र जुनेच पत्ते आठवत असतात. एलएसपीसीआयमध्ये रीजनशेजारी ‘व्हर्च्युअल’ दिसलं किंवा रजिस्टरातून सगळे एफ आले, तर सिसएफएसमधून त्या डिव्हाइसच्या ‘रिमूव्ह’मध्ये १ लिहा, मग बसच्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहा.