जनुकाच्या रिपोर्टआधी वडिलांची फाइल काढा

प्रश्न : माझे वडील ६१व्या वर्षी जठराच्या कर्करोगाने गेले. मी ४२ वर्षांची आहे. ऑनलाइन मागवलेल्या जनुक-तपासणीत ‘व्हीडीआर, फॉक-वन : जठराच्या कर्करोगाचा धोका जास्त’ असं आलंय. ‘ड’ जीवनसत्त्व १४ निघालं होतं, तेव्हापासून दहा महिने दर आठवड्याला ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी घेते. ती कायम घ्यावी लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. पुडी आत्ताच थांबवा. १४ म्हणजे कमतरता होतीच, पण त्यासाठी आठवड्याला एक पुडी साधारण आठ आठवडे देतात, मग महिन्याला एक. तुम्हाला रोजचे जवळपास ८,५०० युनिट पडताहेत. स्वतःहून घ्यायची मर्यादा ४,००० आहे. ‘ड’ अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं; म्हणून रक्तातलं ‘२५-हायड्रॉक्सी ड’ (म्हणजे ‘ड’ची पातळी), कॅल्शियम आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ यांपैकी काही असेल तर उद्यावर ढकलू नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पुडी थांबली तरी पातळी सावकाश उतरते.

आता जनुक. व्हीडीआर म्हणजे पेशीत ‘ड’ जीवनसत्त्वाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा आराखडा. फॉक-वन या जागेवरच्या एका अक्षराच्या फरकाने ते प्रथिन ४२४ऐवजी ४२७ अमिनो आम्लांचं बनतं आणि जरा मंद चालतं. एवढंच! हा फरक निरोगी माणसांतही सर्रास असतो. जठराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे अभ्यास बहुतेक छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत; त्यावरून औषध ठरवता येत नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीतही रोज २,००० युनिट ‘ड’ घेऊन कर्करोग होण्याचं प्रमाण घटलं नाही.

तुमच्यासाठी खरा मोलाचा कागद वडिलांच्या फाइलीत आहे: बायोप्सीचा रिपोर्ट. त्यात कर्करोगाचा प्रकार सांगणारे ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ हे शब्द शोधा. ते असतील, आणि घरात आणखी कुणाला जठराचा किंवा ‘लोब्युलर’ प्रकारचा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर जनुक-समुपदेशकाकडे जाऊन सीडीएच-वन या जनुकाबद्दल विचारा. बिघडलं तर धोका खरोखर वाढवणारं जनुक ते. घरी मागवलेल्या किटमध्ये ते नीट तपासलं जाईलच असं नाही.

‘इंटेस्टाइनल’ (जठराच्याच कर्करोगाचा दुसरा प्रकार) असं लिहिलं असेल तरी जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी कराच. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९४ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात घातलंय, आणि तो घरातल्या घरात पसरतो. शौचाची अँटिजेन किंवा श्वासाची युरिया चाचणी मागा; रक्तातल्या अँटिबॉडीवरून जुना संसर्ग की आत्ताचा ते कळत नाही. चाचणीआधी पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. चूक नेमकी इथेच होते. जंतू सापडलाच तर चौदा दिवसांचा कोर्स पुरा करा आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करा. पोटाला आराम पडला म्हणून ती टाळू नका. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आपल्याकडे बरेच आहेत.