मी मस्कतला नोकरीला आहे. आजोबांची जुनी सीजे-३बी जीप गावी यवतमाळकडे उभी आहे. दुरून दुरुस्त करून घेता येईल का?

येईल भाऊ, पण रंगाचा विषय शेवटी काढा. आमची जीप आर्वीकडे गोठ्यात अकरा वर्षं उभी होती, मी दोह्याला. मिस्त्रीनं महिनाभरात चकचकीत लाल रंगाचे फोटो पाठवले, मी खूश! दिवाळीत आलो, ड्रायव्हर सीटखाली टाकीजवळच्या पत्र्याला पेचकस लावला तर आरपार. कुटार म्हणजे भुसा अन् उंदरांचं मूत साचून पत्रा खालून सडला होता, वरून पुट्टी.

म्हणून फोटो नको, व्हिडिओ कॉल. गावी भाचा-पुतण्या कुणी असेल त्याला जीपखाली झोपवा, चासीवर म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर हातोडी मारायला लावा. टणटण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आधी वेल्डिंग. इंजिनला लगेच सेल्फ मारू देऊ नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग समोरून लावायच्या लोखंडी हँडलनं इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं. जुनं पेट्रोल आधी काढून टाका.

सुटे भाग नागपुरात न मिळाल्यास हरियाणातल्या मंडी डबवालीत पाहा, जुन्या जीपांचा बाजार आहे तो. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, मिस्त्री रुसला तरी.

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मात्र आजच शोधा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. गाडी ५० वर्षांपुढची अन् मूळ रूपात असेल तर व्हिंटेज नोंदणी होते, पण मग रोज शेतात नेता येणार नाही.