लिस्बनमध्ये घर ठरवण्याआधी घड्याळ पाहा

फोंडा, गोवा

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लिस्बनमधील घरांचे तपशील तू पाठवलेस, ते नीट वाचले. आल्फामा या जुन्या वस्तीतील घरावर तुझा जीव जडला आहे, हे तुझ्या लिहिण्यावरूनच कळते. खिडकीतून तेजू नदी दिसत असेल, तर कोणाचाही जडेल. तरीही नकाशा बाजूला ठेवून आधी घड्याळ पाहा.

तुझी कंपनी पुण्याची, काम तू लिस्बनच्या घरातून करणार आणि कामाची वेळ भारतातल्या सकाळी साडेनऊची. पोर्तुगालच्या हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. म्हणजे उन्हाळ्यात तुझा दिवस पहाटे पाचला आणि हिवाळ्यात चक्क चारला सुरू होईल. घराजवळ कॅफे आणि को-वर्किंगची जागा असावी, असे घरून काम करणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. तुला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्या वेळी कॅफे बंद असतात आणि मेट्रोही साडेसहाला सुरू होते. तुझे कार्यालय म्हणजे तुझी खोली, आणि तुला झोपायचे आहे रात्री आठ-नऊला. जूनमध्ये त्या वेळी तिथे सूर्यही मावळलेला नसतो आणि लोक नुकते जेवायला बाहेर पडलेले असतात.

याच कारणाने आल्फामा आणि बाइरू आल्तू हे दोन्ही भाग मी तुझ्या यादीतून काढून टाकीन. बाइरू आल्तूत मद्यालयांची गर्दी रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर उभी असते. आल्फामात एवढा गोंगाट नसला, तरी तेथील कितीतरी घरे पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी दिली जातात. हे प्रमाण इतके वाढले की, नोव्हेंबर 2018 मध्ये नगरपालिकेने या भागांत अशा घरांची नवी नोंदणी थांबवली. मध्यरात्री दगडी फरसबंदीवरून बॅगांची चाके खडखडत जातात, जिन्यात कोणीतरी चुकीच्या दारात किल्ली फिरवत बसते आणि आठवड्यागणिक शेजारी बदलतो. आपल्या गोव्यात आसगाव-शिवोलीत भाडी कशी चढली आणि गावचीच माणसे कशी बाहेर फेकली गेली, यावर तू किती तावातावाने बोलतोस! आल्फामाच्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने तूही तसाच बाहेरचा ठरशील.

आवाजाची दुसरी बाजूही ध्यानात घे. तेथील जुन्या इमारतींत लाकडी तक्तपोशी असते आणि वरच्या मजल्यावरचे बोलणे खाली ऐकू जाते. कायद्याने रात्री अकरा ते सकाळी सात ही शांततेची वेळ आहे, आणि तुझ्या अर्ध्या बैठका नेमक्या त्याच वेळेत होणार. तेव्हा काँक्रीटची इमारत पाहा आणि शेजाऱ्याच्या शयनगृहाला भिंत लागून नसलेली खोली कामासाठी निवड.

माझ्या मते तुझ्या यादीतील आल्व्हालाद तुला मानवेल. 1940 च्या दशकात आखून वसवलेला हा भाग बराचसा सपाट आहे. बाजार आहे, हिरव्या मार्गाची मेट्रो आहे आणि वस्ती मुख्यतः कुटुंबांची आहे. खोट एकच, विमानतळ शहरातच असल्यामुळे विमाने डोक्यावरून जातात. कांपू द ओरीक मला स्वतःला अधिक आवडते, परंतु तिथे मेट्रो नाही. भाडे परवडेनासे झाले, तर नदीपलीकडचे कासिल्याश पाहा. पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाणाऱ्या माणसाला तिथल्या फेरीबोटीचे काही नवल वाटणार नाही. तूरडाळ आणि मसाले लिस्बनमधील मार्तीं मुनीश चौकाच्या दुकानांत मिळतात, त्यासाठी त्याच भागात राहण्याची गरज नाही. सोलं मात्र इथूनच ने.

घर पाहायला जाशील तेव्हा कपाट भिंतीपासून थोडे सरकवून मागे पाहा. लिस्बनचा पाऊस हिवाळ्यात पडतो, बहुतेक घरांत उष्णतेची सोय नसते आणि आषाढातल्या आपल्या कपाटांना येतो तोच कुबट वास तिथे जानेवारीत येतो. काळे डाग नव्या रंगाखाली झाकलेले असतात. वास झाकता येत नाही. दक्षिणेला खिडकी असलेले घर मिळाले तर भाग्य समज. आजीला दिशा सांगू नकोस म्हणजे झाले.

करारात हयगय नको. 2022 च्या ऑक्टोबरपासून पोर्तुगाल ज्या व्हिसावर तुझ्यासारख्यांना घेते, त्यासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते आणि राहण्याच्या जागेचा पुरावाही लागतो. भाडे रोख घेईन पण पावती देणार नाही, असे म्हणणारा घरमालक भाड्यात सूट देत असला तरी त्याला नमस्कार करून बाहेर पड, कारण कर कार्यालयात न नोंदवलेला करार पुढे निवास परवान्याच्या वेळी कामाला येत नाही. रहिवासाचा दाखला त्या भागाची स्थानिक कचेरी देते आणि त्यासाठी तेथील दोन मतदारांची साक्ष चालते. रोज नवा पाहुणा येणाऱ्या इमारतीत असे दोघे तू कोठून आणणार?

आल्व्हालादच्या घरमालकाला दोन गोष्टी आजच विचार: शयनगृहाची खिडकी रस्त्याकडे आहे की मागच्या अंगणाकडे, आणि करार नोंदवून देणार का. उत्तर आले की मसुदा मला पाठव. तोवर कोठेही आगाऊ रक्कम भरू नकोस.

तुझा,
काका