आधी प्रसंग सांग

बाळ,

रविवारी निघताना तू दारातच म्हणालीस, “काका, मी आता सिनेमाच्या संगीतावर कुणाशी बोलतच नाही.” उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितोय.

भांडणाचा तपशील तू सांगितलासच. सगळे मिळून मुंबईला जाऊन ‘इंटरस्टेलर’ आयमॅक्सवर पाहिलात आणि परतीच्या गाडीतच दोन तट पडले. एक म्हणतो, हान्स झिमरसारखा दुसरा संगीतकार नाही. दुसरा म्हणतो, नुसता गोंगाट, माणसं काय बोलतात तेही ऐकू येत नाही. मग कुणी इळैयाराजांना मधे ओढलं, कुणी पंचमदांना, आणि इगतपुरी येईपर्यंत सगळे तुझ्याकडे वळले: तू कुणाच्या बाजूची? तू गप्प बसलीस, आणि तेव्हापासून आपल्याला यातलं खरंच काही कळतं का, या शंकेत अडकली आहेस.

तुला कळतं की नाही, यावर मी एक शब्दही खर्च करणार नाही. मला राग आलाय तो तू त्या प्रश्नाला किंमत दिलीस याचा. ‘कुणाच्या बाजूची’ म्हणजे काय? तिथे एकच विचारायचं असतं: कुठल्या प्रसंगाबद्दल बोलतोय आपण? संगीत कुठे शिरलं आणि कुठे थांबलं? ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि ज्याला सांगता येतं त्याच्यासमोर गप्प बसू नकोस.

तुमचाच चित्रपट घे. डॉक्टर मान यानाचं दार उघडायला जातो, त्याचं भाषण चालू असतं, वाक्य अर्ध्यात तुटतं आणि स्फोट होतो. बाहेरून दिसणाऱ्या त्या स्फोटाला आवाज नाही. अवकाशात हवा नाही, तर आवाज येणार कुठून? त्या शांततेनंतर ऑर्गन चढायला लागतो आणि फिरणाऱ्या यानाला यान जोडेपर्यंत सोडत नाही. आता ‘गोंगाट’ म्हणणाऱ्याला विचार, आधीची ती शांतता तुला ऐकू आली होती का? आली नसेल तर त्याने अर्धाच प्रसंग ऐकलाय. आणि तो ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केला, ही माहिती फेकून वाद जिंकणाऱ्यालाही हेच विचार. चर्च कुठलं हे सांगून प्रसंगाबद्दल काही सांगितलं जात नाही.

त्याच चित्रपटात म्हातारे प्राध्यापक ब्रँड मरणशय्येवर जे कबूल करतात ते अनेकांना नीट ऐकू आलं नाही. २०१४ साली चित्रपट आला तेव्हाही हीच तक्रार होती, आणि दिग्दर्शक नोलनने आपण हे जाणूनबुजून केल्याचं उघडपणे सांगितलं. त्याचं म्हणणं मी वाचलंय, तरीही त्या जागी मी तक्रार करणाऱ्यांबरोबर आहे. सगळी गोष्ट ज्या कबुलीवर उलटते, ती प्रेक्षकाला अंदाजाने घ्यायला लावू नये. म्हणजे बघ, चित्रपट एक, संगीतकार एक, दिग्दर्शक एक, आणि दोन प्रसंगांत माझं मत दोन टोकांना. मग मी कुणाच्या बाजूचा?

तुम्ही मुलं हेडफोन लावून नुसतं बीजीएम, म्हणजे पार्श्वसंगीत, ऐकता, ते ऐका, आनंद घ्या. पण त्यावरून पार्श्वसंगीत चांगलं की वाईट हे ठरवू नका. पडद्याशिवाय ते निम्मंच असतं. आणि आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, ‘संगीत’ म्हटलं की लोक गाण्यांबद्दलच बोलतात. ‘तुंबाड’मधलं गाणं अजय-अतुलचं, पार्श्वसंगीत येस्पर किडचं. ‘फँड्री’चं पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचं, हे तुझ्या त्या कंपूतल्या किती जणांना माहीत आहे? नाव न वाचता भक्ती करायची, ही कसली आवड!

‘सैराट’ तर सगळ्यांनी पाहिलाय. अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे चित्रपटाचं संगीत मुद्रित करायच्या स्टुडिओत, मोठा वाद्यवृंद बसवला, तेव्हा इथे आपल्या लोकांची छाती फुगली होती, माझीही फुगली होती. विहिरीत उडी, शेतातली धावाधाव, त्या वाद्यवृंदाने पोरांचं प्रेम आभाळाएवढं केलं. आणि शेवट आठव. ते लहान मूल दारात येतं, पुढचं सगळं दिसतं, आणि आवाज नाही. एक व्हायोलिन नाही, रडणं नाही. हाताशी एवढी वाद्यं असताना शेवटच्या प्रसंगाला एकही न देणं, याला मी संगीताची जाण म्हणतो. ‘सैराटचं म्युझिक’ यावर तासभर बोलणाऱ्यांपैकी या शेवटाबद्दल बोललेलं मी फार थोड्यांना ऐकलंय. संगीत कुठे थांबलं हे त्यांनी ऐकलंच नाही.

आता याच्या उलट. ‘पथेर पांचाली’, १९५५. मुलगी दुर्गा वारलेली आहे, बाप हरिहरला ठाऊक नाही, तो गावाहून आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतोय. मुलीसाठी आणलेली साडी तो बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो आणि ती कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज सत्यजित राय यांनी काढून टाकलाय. त्या जागी तारशहनाई वाजते, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वर चढत जाणारी, पटदीप रागातली. रविशंकरांनी या चित्रपटाचं संगीत घाईघाईत, बहुतेक एका रात्रीच्या बैठकीत केलं, आणि तारशहनाई वाजवणारे होते दक्षिणामोहन ठाकूर. मरण इथेही, रडणं इथेही, पण इथे वाद्य हवं होतं. खरं रडणं ऐकवलं असतं तर आपण एका बाईचं दुःख पाहिलं असतं. त्या तारेमुळे ते आपल्या घरात येतं. मी हा प्रसंग अजून सलग पाहू शकत नाही.

शांतता मोठी की वाद्य मोठं, असा वाद इथे घालून दाखव बरं.

तू त्या दिवशी आवाजाच्या इफेक्टबद्दल एकच वाक्य बोललीस, की त्यांच्यावर कुणी भांडतसुद्धा नाही. हे मला लागलं. आपल्याकडे कित्येक वर्षं कॅमेऱ्याचीच एवढी घरघर असायची की जागेवरचा आवाज वापरता यायचा नाही, सगळं नंतर स्टुडिओत भरायचं. संवाद नट भरायचे, पण बाकी? बांगड्या, पावलं, दाराची कडी, घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, हे सगळं एका अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी हातापायांनी करत होतं. मला तरुणपणी मुंबईच्या अशाच एका स्टुडिओतून बोलावणं आलं होतं, इफेक्टवाल्यांच्या हाताखाली. घरी वडिलांचं दुखणं, दुकान माझ्यावर, जाता आलं नाही. मुंबईची मला ओढ कधीच नव्हती. पण त्या माणसांच्या शेजारी उभं राहून शिकायचं राहिलं, ही खंत आहे आणि ती जात नाही. तुझ्यासारख्या पोरीने गप्प बसायचं ठरवलं की ती वर येते.

‘शोले’वर भांडणारे हार्मोनिकावर भांडतात, भानू गुप्तांनी वाजवलेल्या. भांडावं, ती आहेच तशी. पण ठाकूरच्या घरच्यांना गब्बर मारतो त्या प्रसंगात कुरकुरणारा झोपाळा आहे. पंचमदांच्या किती भक्तांनी मला तो झोपाळा सांगितला? आणि वाद्यं, झोपाळे, संवाद हे सगळं एका ध्वनिपट्टीत बसवणारा माणूस वेगळाच असतो. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई होते, राय आणि बेनेगल यांच्यासारखे दिग्दर्शक त्यांचा कान प्रमाण मानायचे. त्यांच्या नावाने कोण तट पाडतं?

हे सगळं समजायला तुला मुंबई लागणार नाही. तू नाशिकची आहेस. विसर्जनाच्या दिवशी रविवार कारंजाजवळच्या एखाद्या गल्लीत उभी राहा. मिरवणूक दिसत नसते तेव्हा नुसता ढोल पोटात लागतो. जाड आवाज वळणं घेत, भिंती ओलांडत लांबपर्यंत येतो, ताशाची कडकड तशी येत नाही. मिरवणूक कोपऱ्यावर वळली की ताशा एकदम उघडतो. किती चित्रपटांत मिरवणूक लांब आहे म्हणून दाखवतात आणि ताशा कानाशी तडतडत असतो! हे पडद्यावर पाहिलं की मला चीड येते, आणि तुलाही आली पाहिजे, कारण हे तू लहानपणापासून ऐकलंयस. असा कान घेऊन तू तटांत उभी राहायला निघाली होतीस.

माझ्या हट्टाबद्दल तू इथल्या नाटकवाल्यांकडून ऐकलं असशीलच, म्हणून माझ्याकडूनही ऐक. सायखेडकर नाट्यगृहात स्पर्धेचं नाटक होतं, आवाज माझ्याकडे. स्वयंपाकघर, आई स्टोव्हवर काहीतरी करतेय, मुलाच्या मृत्यूची तार येते. दिग्दर्शकाला तार वाचताच सारंगी हवी होती. मी पडदा उघडल्यापासून मागे हवेच्या स्टोव्हचा भर्रर्र आवाज ठेवला होता, खऱ्या स्टोव्हवरून टेपच्या स्पूलवर घेतलेला. दोन-तीन मिनिटांनी तो कुणाला ऐकूही येत नाही. तार वाचून झाल्यावर आई तशीच उभी राहते, मग वळते, चावी सोडते, आणि तो आवाज बसतो. तेव्हा प्रेक्षकाला कळतं की इतका वेळ काहीतरी चालू होतं. तिथे सारंगी लावली असती तर ती बाई स्टोव्ह विझवते याकडे कुणाचं लक्ष गेलं असतं? दिग्दर्शक म्हणाले, लोकांना रडू येत नाही. मी म्हटलं, घरी जाऊन येईल. सारंगी लावली नाही. पुढच्या वर्षी माझी खुर्ची दुसऱ्याला गेली, आणि माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं की याला वाद्यांचं वावडं आहे.

ते धादांत खोटं आहे. ‘सायको’मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीत नको होतं. बर्नार्ड हर्मनने तरीही नुसत्या तंतुवाद्यांचा तो चिरकणारा तुकडा लिहिला, हिचकॉकने ऐकला आणि मत बदललं. त्या खोलीत मी असतो तर हर्मनच्या बाजूने भांडलो असतो. त्या प्रसंगात सुरी अंगात शिरताना फारशी दिसतच नाही, ती त्या तारांत आहे. आणि माझ्या प्रसंगात स्टोव्ह होता. मी तेव्हाही हेच म्हणत होतो आणि आजही त्या खुर्चीवर बसवलं तर स्टोव्हच लावेन. प्रसंग सांगा, मग वाद्य सांगतो, इतकं साधं म्हणणं होतं माझं. त्यात वावडं कुठे आलं?

असो. तू संगीत देतेयस त्या लघुपटाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती तू घाईत सांगितलीस. निफाडचा द्राक्षबागायतदार, रात्रीची गारपीट. तुझ्या दिग्दर्शकाने संकलन करताना झिमरचा एक तुकडा खाली लावून ठेवलाय आणि आता तुला म्हणतोय, “हेच, पण थोडं वेगळं.” हे दुखणं जुनं आहे. कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थकडून संगीत लिहून घेतलं आणि शेवटी संकलनाच्या वेळी लावलेल्या जुन्या रचनाच ठेवल्या. नॉर्थला हे चित्रपट बघायला बसल्यावर कळलं. कुब्रिकची निवड पडद्यावर शोभली, हे मी नाकारत नाही. पण कुब्रिकने मूळ रचनाच वापरल्या, त्यांची नक्कल करून मागितली नाही. तुझ्याकडून नक्कल मागतायत. ती देऊ नकोस. पैसे देतोय म्हणाला तरी देऊ नकोस.

त्याच्याशी भांडायला झिमर चांगला की वाईट हा मुद्दा घेऊन जाऊ नकोस, तिथे हरशील. त्याला विचार, हा माणूस त्या रात्री घरात कुठे बसलाय? पत्र्याखाली असेल तर गारा सुरू झाल्यावर त्याला शेजारी बसलेल्या बायकोचंही बोलणं ऐकू येणार नाही, आणि तुझा ऑर्गन त्या पत्र्याशी झुंजत बसेल. स्लॅबच्या घरात असेल तर गारा लांबून, खिडकीतून ऐकू येतील, तेव्हा वाद्याला जागा आहे. गारा थांबल्यावर तो बॅटरी घेऊन बागेत जातो असं तू म्हणालीस. पहिला घड बॅटरीच्या उजेडात येण्याआधी सूर शिरणार की नंतर? आधी शिरला तर बागेचं काय झालंय हे तू प्रेक्षकाला त्याच्या आधीच सांगून टाकलंस. मला तो नंतर हवा, आणि तोही एकच, लांबलेला. पण तू वेगळं ठरवलंस तर मी ऐकेन, अट एवढीच की जागा सेकंदासकट सांगायची.

निफाडला एखाद्या बागायतदाराकडे जाऊन आधी विचार, त्या रात्री काय ऐकू येतं. दिग्दर्शकालाही बरोबर ने. मग शनिवारी संध्याकाळी लघुपटाचा कट घेऊन ये, संगीताशिवायचा. त्याने लावलेला तुकडा मला ऐकवू नकोस. आणि गाडीतल्या त्या दोघांनाही आण, झिमरवाल्याला आणि गोंगाटवाल्याला, दोघांनाही. मला त्यांना तो स्फोटाचा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवायचाय.

तुझा,
काका