वाचकांचे प्रश्न : समीकरणांतली चेतापेशी

प्रश्न : चेतापेशीचे संगणकीय प्रतिमान तयार केल्याचे वारंवार वाचनात येते. पेशी तर सजीव; मग संगणकात नेमके काय तयार होते आणि त्यामागची समीकरणे येतात कोठून?

उत्तर : संगणकात पेशी तयार होत नाही. पेशीच्या पटलावरील विद्युतदाब क्षणाक्षणाला कसा बदलेल, याचा हिशेब तेथे मांडलेला असतो. पेशीचे पटल म्हणजे मेदाचा अत्यंत पातळ पडदा. त्याच्या आत आणि बाहेर क्षारयुक्त पाणी असते. वाहक द्रवांच्या मध्ये दुर्वाहक पडदा आला की त्यावर विद्युतभार साठू लागतो, म्हणून पटलाला धारित्र मानता येते. त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. या पडद्यात प्रथिनांचे चॅनेल असतात आणि त्यांतून सोडियम, पोटॅशियम यांचे आयन ये-जा करतात. सोडियम बाहेर जास्त व पोटॅशियम आत जास्त असल्यामुळे सोडियम पटलाचा दाब +५० मिलिव्होल्टच्या आसपास, तर पोटॅशियम −७५ च्या आसपास ओढू पाहतो. कोणत्या क्षणी कोणते चॅनेल किती उघडे आहेत, यावर या ओढाताणीचा निकाल ठरतो.

खरी अडचण येथेच आहे. चॅनेल दाबानुसार उघडतात आणि ते उघडले की दाबच बदलतो, त्यामुळे कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतून जातात. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी हा गुंता माकूळ, म्हणजेच स्क्विड, या सागरी प्राण्याच्या अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीतून संदेश दूर नेणाऱ्या लांब धाग्यावर, सोडवला. हा तंतू अर्धा मिलिमीटर आणि कधीकधी त्याहूनही जाड असतो, त्यामुळे त्याच्या पोकळीत लांबीच्या दिशेने बारीक तार सरकवता येते. पटलाचा दाब एका मूल्याला बांधून ठेवायचा आणि तो तसा राखण्यासाठी किती प्रवाह पुरवावा लागतो ते मोजायचे, ही ती पद्धत. केनेथ कोल यांनी तिची वाट दाखवली होती. दाब स्थिर असल्यामुळे चॅनेलांचे वागणे वेगळे पाहता आले. सोडियमचा मार्ग झटकन उघडतो व मग आपोआप बंद होतो, तर पोटॅशियमचा सावकाश उघडतो, हे त्यातून दिसले. १९५२ साली दोघांनी हे सारे चार अवकल समीकरणांत मांडले : एक दाबाचे आणि तीन चॅनेलांच्या काल्पनिक द्वारांची.

यापुढची पायरी मला या विषयातील सर्वांत मोलाची वाटते. केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर काही आठवडे खपून ही समीकरणे सोडवली. तंतूतून संवेद, म्हणजे दाबाची क्षणिक उसळी, किती वेगाने धावेल, याचे उत्तर सेकंदाला १८.८ मीटर असे आले. प्रत्यक्ष मोजलेला वेग २१.२ मीटर होता. समीकरणांतील आकडे दाब बांधून केलेल्या प्रयोगांतून आलेले होते, वेगाशी जुळावेत म्हणून निवडलेले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. जे मुळात घातलेच नव्हते ते हिशेबातून बाहेर आले, यात त्या प्रतिमानाचे बळ आहे. दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्याबरोबर मिळाले.

प्रश्न : मी हीच समीकरणे पायथॉनमध्ये लिहिली. काही वेळा आलेख व्यवस्थित येतो, तर काही वेळा दाबाचा आकडा अफाट वाढतो किंवा गणना मध्येच मोडते. समीकरणे तर पुस्तकातून जशीच्या तशी घेतली आहेत.

उत्तर : तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, काळाचे पाऊल. सोडियमचे जलद द्वार संवेदाच्या ऐन भरात मिलिसेकंदाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात स्थिरावते, त्यामुळे साध्या ऑयलर पद्धतीत, म्हणजे आताच्या दरावरून थेट पुढचे मूल्य काढताना, अर्ध्या मिलिसेकंदाचे पाऊल टाकल्यास गणना फुटणारच. ०.०१ मिलिसेकंदापासून सुरुवात करावी आणि पाऊल निम्मे करूनही आलेख तसाच येतो का, हे पाहावे. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. विश्रांतीचा, म्हणजे पेशी शांत असतानाचा, दाब −६५ मानून लिहिलेल्या सूत्रांत पोटॅशियमच्या द्वाराचा उघडण्याचा दर −५५ मिलिव्होल्टला आणि सोडियमच्या जलद द्वाराचा दर −४० ला शून्य भागिले शून्य असा होतो. त्या बिंदूंपाशी मर्यादामूल्य घालावे लागते. ते अनुक्रमे ०.१ आणि १ आहे. दाब नेमका तेथे आला तरच गणना मोडते, म्हणून हा दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे चिन्हे. १९५२ च्या मूळ लेखात दाब विश्रांतीपासून मोजलेला आहे आणि त्याचे चिन्हही आजच्या रिवाजाच्या उलट आहे. एक सूत्र जुन्या आणि दुसरे नव्या पुस्तकातून घेतले, तर दोन्ही बरोबर असूनही उत्तर चुकते.

प्रश्न : चेतापेशीची इतकी निरनिराळी प्रतिमाने आहेत. त्यांपैकी खरे कोणते मानावे?

उत्तर : आपल्याला काय विचारायचे आहे, त्यावर ते ठरते. लुई लापिक यांनी १९०७ सालीच पटलाला गळके धारित्र मानले होते. त्यातून पुढे आलेल्या प्रतिमानात दाब उंबरठ्याला पोचला की संवेद झाला असे धरतात आणि दाब पुन्हा खाली आणतात. लाखो पेशींचे जाळे अभ्यासायचे असेल, तर एवढे बहुधा पुरते. एखाद्या औषधाने सोडियमचे चॅनेल अडवले तर काय होईल, हे विचारायचे असेल, तर ते अजिबात पुरत नाही, कारण त्यात सोडियमच नाही. पेशीच्या फांद्यांवर दूर आलेला संदेश मुख्य पिंडापर्यंत पोचेतो किती क्षीण होतो, हा प्रश्न असेल, तर विल्फ्रिड रॉल यांच्या मार्गाने फांद्यांचे लहान लहान कप्पे करून प्रत्येकाचा हिशेब मांडावा लागतो. न्यूरॉन या नावाची आज सर्वत्र वापरली जाणारी संगणकप्रणाली हेच काम करते.

प्रश्न : प्रतिमानाचा आलेख प्रयोगशाळेतील नोंदीशी तंतोतंत जुळला, तर आतले आकडेही बरोबर आहेत असे समजायचे ना?

उत्तर : नाही, आणि या प्रश्नावर थोडे थांबायला हवे. खुद्द हॉजकिन व हक्सली यांनी त्याच लेखात बजावले होते की, समीकरणे जुळतात एवढ्यावरून चॅनेलांची यंत्रणा अशीच आहे असे मानू नये. सोडियमच्या द्वाराला तिसरा घात आणि पोटॅशियमच्या द्वाराला चौथा घात त्यांनी वक्ररेषा नीट बसावी म्हणून निवडला होता. पुढे पोटॅशियमचा चॅनेल खरोखरच चार घटकांचा निघाला. सोडियमच्या चॅनेलातही चारच भाग सापडले, तीन नव्हे. एका ठिकाणी घात रचनेशी जुळला, दुसऱ्या ठिकाणी जुळला नाही, आणि आलेख मात्र दोन्हींचे चांगले होते.

याहून बोलके उदाहरण शेवंड-खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांच्या जठराजवळील चेतागुच्छाचे आहे. ॲस्ट्रिड प्रिन्झ, डर्क बुखर आणि ईव्ह मार्डर यांनी २००४ साली तेथील पेशी ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा संवेद देतात त्या लयीचे तीन पेशींचे प्रतिमान घेऊन त्याच्या दोन कोटींहून अधिक आवृत्त्या चालवल्या. आतली मूल्ये परस्परांपासून अगदी भिन्न असूनही जवळजवळ एकसारखी लय देणारी जाळी त्यांत पुष्कळ आढळली. ही केवळ गणिताची करामत नव्हे : वेगवेगळ्या खेकड्यांतील तीच ओळखीची पेशी तपासली, तेव्हा तिच्या चॅनेलांच्या वाहकतेत, म्हणजे आयन वाहून नेण्याच्या क्षमतेत, दुपटी-चौपटीचा फरक सापडला आणि तरीही त्या प्राण्यांतील लय सारखीच होती.

यातून प्रयोगशाळेत रोज होणारी एक चूक समोर येते. दहा पेशींवर मोजलेल्या वाहकतांची सरासरी काढून ती प्रतिमानात घालणे स्वाभाविक वाटते. परंतु नीट चालणाऱ्या प्रतिमानांच्या मूल्यांची सरासरी घेतली, तर तयार होणारे प्रतिमान त्यांच्यातल्या एकासारखेही वागेल याची शाश्वती नसते. एका वाहकतेची वाढ दुसरीने भरून काढलेली असते आणि सरासरीत हा परस्परसंबंधच हरवतो. म्हणून एकच 'उत्तम' प्रतिमान शोधण्याऐवजी नोंदीशी जुळणाऱ्या प्रतिमानांचा सगळा समूह जपावा, आणि ती ज्यावर बसवली नाहीत अशा प्रयोगाविषयी त्यांना विचारावे, असा माझा आग्रह आहे. त्या प्रयोगाबद्दल समूहातील प्रतिमाने वेगवेगळी भाकिते करू लागली, तर पुढे काय मोजायचे ते कळते.

प्रश्न : मग संपूर्ण मेंदू संगणकात उतरवणे कधी शक्य होईल का?

उत्तर : माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत; पण अडचण निव्वळ संख्येची नाही. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या चेतासंस्थेत ३०२ पेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झाला. तरीही त्या नकाशावरून कृमीचे सगळे वर्तन आजही सांगता येत नाही, कारण कोणती जोडणी उत्तेजक व कोणती अवरोधक, तिचा जोर किती, आणि भोवतालच्या रसायनांनी तो केव्हा बदलतो, हे नकाशात लिहिलेले नसते. ती माहिती त्या ३०२ पेशींवर प्रयोग करूनच मिळवावी लागते, आणि ते काम अजून चालू आहे.