स्लीपिंग बॅग आहे, तरी थंडी वाजते! : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की या सदराकडे कॅम्पिंगचे प्रश्न यायला लागतात, आणि यंदा तर बहुतेक सगळे स्लीपिंग बॅगेवरच आलेत. त्यातले काही निवडून घेतलेत. दोन-तीन जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली होती, त्यांना पहिल्याच उत्तरात उत्तर मिळून जाईल.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही मित्र हरिश्चंद्रगडावर गेलेलो, कोकणकड्याजवळ टेन्ट लावला. माझ्या बॅगेवर +५ लिहिलंय, मोबाईल ९-१० डिग्री दाखवत होता, तरी रात्रभर कुडकुडत होतो. जॅकेट घालून झोपलो, डोक्यावरून बॅग ओढली, काही फरक नाही. दुकानदाराने गंडवलं का मला? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : दुकानदाराला शिव्या घालायच्या आधी हे सांगा, अंगाखाली काय होतं? पत्रात बॅग आहे, टेन्ट आहे, जॅकेट आहे, पण कॅरीमॅटचं, म्हणजे अंगाखाली अंथरायच्या फोमच्या मॅटचं, नाव कुठेच नाही आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. स्लीपिंग बॅग काही गरम करत नाही हो, ती तुमच्याच अंगाची ऊब धरून ठेवते, आणि ते काम करते आतल्या फुगीर भरावात अडकलेली हवा. तुम्ही आडवे झालात की पाठीखालचा भराव चेपला, हवा गेली, मग खालचा कातळ रात्रभर पाठीतून ऊब ओढत बसतो. वरून तुम्ही कितीही पांघरा, खालून गळती चालूच.

आता त्या +५ बद्दल. चांगल्या कंपन्यांच्या बॅगा ईएन १३५३७ किंवा आताच्या आयएसओ २३५३७ या स्टँडर्डने तपासतात, त्यात आतून गरम होणारा माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत ठेवतात, त्याला थर्मल आणि सॉक्स घालतात, आणि नीट वाचा, त्याच्या खाली मॅट असते. म्हणजे तो आकडाच मॅट धरून काढलेला आहे, तुम्ही मॅट काढून टाकली की आकड्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय आकडे एकाहून जास्त असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण बाई आरामात पसरून झोपू शकेल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे साधारण पुरुष अंगाची मुटकुळी करून कशीबशी रात्र काढेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे नुसता जीव वाचण्याचा हिशोब, तिथे झोपेची गोष्टच सोडा. स्वस्तातल्या बॅगांवर बाहेर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय ते बघायचं, बऱ्याचदा तो कम्फर्टचा नसतोच. आणि लेबलवर स्टँडर्डचं नाव नसेल तर तो आकडा कंपनीचा अंदाज समजा आणि त्यात ५-६ डिग्री वाढवून धरा.

तिसरी गोष्ट वारा. कोकणकड्यावर खालून जो वारा येतो तो मोबाईलच्या ९ डिग्रीत दिसत नाही, आणि मोबाईल बऱ्याचदा जवळच्या गावाचं तापमान सांगतो, गड १,४२४ मीटरवर आहे. टेन्ट कड्यापासून मागे, आडोशाला लावा, थंडीसाठीही आणि तुमच्या जिवासाठीही. चढताना घामाने ओला झालेला टीशर्ट तसाच अंगात ठेवून वर जॅकेट चढवलं असेल तर ते पण एक कारण, कॉटन ओलं झालं की लवकर वाळत नाही. झोपायचे कपडे वेगळेच ठेवायचे, कोरडे, आणि सॉक्स तर नक्कीच. डोकं बॅगेत घालून झोपू नका, श्वासाचा दमटपणा आत धरतो आणि पहाटे भराव ओलसर लागतो. नाक-तोंड बाहेर, कानटोपी घाला, हूडची दोरी ओढून घ्या. आणि हो, रात्री पिठलं-भात पोटभर खा, उपाशीपोटी अंग ऊब कुठून आणणार. रात्री लघवीला लागली तर कंटाळा करून पडून राहू नका, उठा आणि जाऊन या, नाहीतर झोपेचं खोबरं होतंच.

प्रश्न : जानेवारीत केदारकंठाला जातेय, पहिलाच हिमालय. ट्रेकवाले स्लीपिंग बॅग देतात म्हणे. तरी स्वतःची घेऊ का? बजेट आठ-दहा हजार. मला थंडी जास्त वाजते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, एका ट्रेकसाठी नका घेऊ. केदारकंठाचा माथा ३,८०० मीटरच्या आसपास आहे, जानेवारीत वरच्या कॅम्पवर बर्फ असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, त्या थंडीची बॅग घेतली तर ती सह्याद्रीत उकडते म्हणून वर्षभर कपाटात पडून राहणार. ट्रेकवाल्यांची वापरा, पण आधी फोन करून स्पष्ट विचारा, कम्फर्ट रेटिंग किती आणि खाली मॅट काय देता. “सब मिल जाएगा मॅडम” हे उत्तर नाही. बर्फावर एक पातळ फोम पुरत नाही, दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांची ऊब रोखण्याची ताकद बेरजेत धरता येते, तेव्हा एक घडीची फोम मॅट घरून सॅकच्या बाहेर बांधून न्या, वजन काहीच नसतं.

पैसे खर्चच करायचे असतील तर लायनर घ्या. म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी, फ्लीसची किंवा सिल्कची. थोडी ऊब वाढते ती वाढतेच, पण भाड्याच्या बॅगेत आपल्या आधी कोण झोपलंय याचा विचार करायला लागत नाही, मला तर हाच फायदा मोठा वाटतो. आणि रात्री किचन टेन्टमधून बाटलीत गरम पाणी घ्या, झाकण घट्ट लावून उलटी धरून बघा गळते का, मग मोज्यात घालून पायाशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला होतं, बाहेर ठेवलेलं गोठलेलं असतं. मोबाईल, पॉवरबँक, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी पण बॅगेतच घ्या. तुम्हाला थंडी जास्त वाजते म्हणता ना, मग आकडे वाचताना तुमच्यासाठी फक्त कम्फर्टचा, बाकीचे वाचूच नका.

प्रश्न : डाऊन घ्यावी की सिंथेटिक? दुकानात ६५० फिल पॉवर वगैरे सांगतात, डोक्यावरून गेलं. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीकडची मऊ पिसं. फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुगून किती घनइंच जागा व्यापतात तो आकडा, ६५० चांगला, ८०० भारी. पण नुसती फिल पॉवर ऐकून हुरळून जाऊ नका, आत पिसं किती ग्रॅम भरलीत तेही विचारा, भारीतली पिसं मूठभर भरली तर काय उपयोग. डाऊन हलकी असते, सॅकमध्ये एवढीशी मावते, वर्षानुवर्षं टिकते, पण ओली झाली की लगदा होतो आणि ऊब संपली. सिंथेटिक जड, फुगीर, स्वस्त, ओली झाली तरी थोडीफार काम देते. लडाख-स्पिती दरवर्षी करणार असाल तर डाऊनचा विचार करा. मेळघाट, पेंच, पचमढी, आपला सह्याद्री, इथे सिंथेटिक डोळे मिटून.

प्रश्न : भंडारदऱ्याला लेकाला (वय ६) घेऊन गाडीनेच जातोय, तळ्याकाठी टेन्ट. सासूबाई म्हणतात स्लीपिंग बॅगा कशाला, घरच्या गोधड्या न्या. नवरा म्हणतो लोक हसतील. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हसू देत, सासूबाई बरोबर आहेत! गाडी टेन्टपर्यंत जात असेल तर वजनाचा प्रश्नच नाही, आणि जाड गोधडी अंगाखाली टाकायला फार छान, फक्त तिच्या खाली प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा कॅरीमॅट हवी नाहीतर जमिनीची ओल सुती गोधडी पिऊन घेते. पांघरायला मात्र गोधडी लहान मुलाला पुरत नाही, मुलं रात्री गोल फिरतात आणि लाथा मारून पांघरूण उडवतात, त्याच्यासाठी एक बॅग घ्याच. लहान मुलांची मिळते. मोठ्यांचीच वापरणार असाल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला किंवा दोरीने बांधा, नाहीतर तेवढी मोकळी जागा त्याच्या इवल्याशा अंगाला तापवत बसावी लागते.

दुसरं म्हणजे अगदी पाण्याला लागून टेन्ट नका लावू. फोटो मस्त येतो पण थंड हवा जड, ती रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात ना, त्या गावातल्या नसतात, वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूच्या असतात. पाण्यापासून थोडं वर, सपाट जागा बघा. टेन्टच्या जाळीच्या खिडक्या पूर्ण बंद करू नका, नाहीतर तिघांच्या श्वासाने पहाटे छतावरून पाणी ठिबकतं आणि सगळ्यांना वाटतं टेन्ट गळतोय.

आणि एक गोष्ट अगदी सक्त सांगते. पोराला ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी टेन्टमध्ये घेऊ नका. घेतात लोक, दार लावून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही आणि माणसं उठत नाहीत.

प्रश्न : विंचू-साप बॅगेत शिरतात का? (एक वाचक, महाड)

उत्तर : दुपारपासून उघडी पसरून ठेवली तर शिरू शकतात. झोपायच्या वेळीच पिशवीतून काढा, झटका, टॉर्च मारून बघा, टेन्टची चेन कायम लावलेली. सकाळी बूटही झटकूनच घालायचे.

प्रश्न : बॅगेला वास यायला लागला म्हणून मशीनला लावली, आता आत गोळे झालेत. गेली का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : डाऊन असेल तर बहुतेक वाचेल. गोळे म्हणजे पिसं आत अजून ओली आहेत, वरून कोरडी लागली तरी. ड्रायर असलेल्या लाँड्रीत कमी हीटवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा, मधे मधे काढून हाताने गोळे सोडवा, वेळ लागतो. सिंथेटिक असेल आणि आतले टाके तुटून भराव सरकला असेल तर मात्र ती गाडीच्या डिकीतलं पांघरूण झाली म्हणा. पुढच्या वेळी हाताने किंवा फ्रंटलोडला, सौम्य साबण, सॉफ्टनर अजिबात नको, पिळायची नाही. आणि लायनर वापरलात तर बॅग धुवायची वेळच कमी येते, लायनर काय, चादरीसारखा धुऊन टाकायचा.

ट्रेकवरून आल्यावर बॅग त्या छोट्या पिशवीत कोंबलेली तशीच माळ्यावर टाकता ना? महिनोन्‌महिने चेपून राहिलेला भराव पुन्हा नीट फुगत नाही. उन्हात नको, पंख्याखाली दिवसभर पसरून ठेवा, मग जुन्या उशीच्या अभ्र्यात सैलसर भरून कपाटात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एकदा बाहेर काढून वारा द्या, बुरशी धरते.